उरण जोडवाहतूक आराखडा: प्रकल्प नोंदी (मार्च ते सप्टेंबर २०२५)

३ मार्च, सोमवार

आराखड्याची हद्द आज ठरली. उत्तरेला गव्हाण फाटा, पूर्वेला दिघोडे-चिरनेर, पश्चिमेला मोरा, दक्षिणेला करंजा. म्हणजे जवळपास सगळा उरण तालुका.

उरणात वाहनं कमी आहेत असं कोणी म्हणू शकणार नाही. १२ जानेवारी २०२४ पासून नेरूळ आणि बेलापूरहून लोकल थेट उरणला येते; त्याआधी नोव्हेंबर २०१८ पासून ती खारकोपरलाच थांबत होती. त्याच १२ जानेवारीला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला, तोही आपल्याच तालुक्यात चिर्ल्याला उतरतो. मोऱ्याहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लाँच, करंजाहून खाडीपलीकडे रेवसला लाँच, शहरात एसटीचं आगार, आणि चारफाट्यावर मिनीडोअरची, म्हणजे सहा आसनी गाड्यांची रांग. माणूस अडकतो तो एक वाहन सोडून दुसरं धरताना. लोकलमधून उतरल्यावर बस नुकतीच गेलेली असते, बसमधून धक्क्यावर पोचावं तर लाँच पाण्याअभावी उभी असते. आपलं काम एवढ्याच जागेपुरतं आहे, आणि ते नीट झालं तर तालुक्यातल्या हजारो माणसांचा रोजचा वेळ वाचेल असं मला मनापासून वाटतं.

म्हणून एक गोष्ट पहिल्याच बैठकीत लिहून घेतली: या आराखड्यात नवा पूल, नवा उड्डाणपूल, नवा लोहमार्ग मागायचा नाही. रेवस-करंजा पुलाची चर्चा अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे १९८० सालापासून चालली आहे. तेव्हा शाळेत जाणारी मुलं आता निवृत्तीला आली. पूल व्हायचा तेव्हा होवो, उद्या सकाळी करंजातून निघणाऱ्या बाईला उद्याची बस लागते.

११ मार्च, मंगळवार

दिवसभर उरण स्थानकाबाहेर. स्थानक कोटाजवळ आहे, बाजारपेठ आणि एसटी स्टँड तिथून थोडं दूर. अंतर चालण्यासारखं, पण हातात सामान, कडेवर मूल आणि डोक्यावर ऊन असेल तर नाही.

मार्ग उरणपर्यंत सुरू झाला तेव्हा दिवसाला ४० फेऱ्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्या मिळून. एका दिशेला वीस. पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या तासांत त्या वाटल्या की गर्दीची वेळ सोडून साधारण तासाला एक गाडी पडते. ठाण्याला किंवा पनवेलला गाडी चुकली तर माणूस पुढच्या गाडीची फिकीर करत नाही. उरणला चुकली तर एक तास गेला. बसचं नियोजन करताना हा फरक सगळ्यात आधी धरायला हवा, कारण शहरातल्या बसचे नियम इथे लागू पडत नाहीत.

साधा हिशेब मांडून ठेवते. तासाला तीन बस आहेत आणि त्या बरोबर २० मिनिटांनी येतात, तर कधीही थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. त्याच तीन बस एकामागोमाग ५-५ मिनिटांनी आल्या आणि मग ५० मिनिटं काहीच नाही, तर सरासरी वाट पाहणं २१ मिनिटांवर जातं. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, पगार तेवढाच, आणि प्रवाशाचा वेळ दुप्पट. म्हणून ‘गाड्या वाढवा’ ही मागणी आपण पहिली ठेवणार नाही. आहेत त्या गाड्या कधी सुटतात ते आधी पाहू.

२८ मार्च, शुक्रवार

उद्या अमावस्या. आज मुद्दाम मोरा धक्क्यावर गेले, कारण मोऱ्याची तक्रार नेहमी एकच असते: लाँच कधी बंद असेल ते कळत नाही.

मोरा बंदरात गाळ साचतो. ओहोटी पुरती लागली की धक्क्याशी लाँच लागण्याइतकं पाणी उरत नाही आणि काही तास फेऱ्या थांबतात. आज संध्याकाळी नेमकं तेच झालं. मुंबईहून घरी येणारे लोक भाऊच्या धक्क्यावर अडकले, आणि इकडे त्यांना न्यायला आलेल्या रिक्षा रिकाम्या उभ्या.

धक्क्यावर लाँचीवर आयुष्य काढलेले एक आजोबा बसले होते. त्यांना विचारलं, बंद कधी राहणार हे आधी कसं ओळखता? म्हणाले, “तिथीची पाऊणपट कर ना पोरी, भरतीची येल निंगते.” हा हिशेब कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. ओहोटी दुपारी बाराला. पंधरावी तिथी असेल तर सव्वाअकरा; प्रत्यक्षात बाराच्या आसपास. मग ओहोटी पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला.

इथेच सगळं कोडं उलगडतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, म्हणजे पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खालीही उतरतं. आणि आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांची सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, नेमकी सकाळ-संध्याकाळच्या कामाच्या वेळेवर येते. अष्टमीच्या भांगात, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी फार उतरत नाही, आणि उतरतं तेही दुपारी, जेव्हा धक्क्यावर गर्दी नसते. म्हणजे मोऱ्याची अडचण महिनाभर सारखी नाही. ती पंधरवड्यातून एकदा, तीन-चार दिवस, आणि ठरलेल्या वेळीच येते. रोज सुमारे ५० मिनिटं ती पुढे सरकते.

आजोबांनी आणखी एक सांगितलं. थंडीच्या दिवसांत संध्याकाळची ओहोटी खोल जाते, उन्हाळा चढला की पहाटेची. म्हणजे हिवाळ्यात घरी परतणारा अडकतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर कामावर निघालेला. घरी येऊन भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यांशी ताडून पाहिलं, बरोबर जुळतं.

हे लिहिताना हात थांबत नाहीये. जी गोष्ट ‘अनिश्चित’ म्हणून सोडून दिली जाते, ती वर्षभर आधी दिवस-तासासह सांगता येते. तक्ते छापलेले आहेत, तिथी घराघरातल्या भिंतीवर टांगलेली आहे. फक्त ती बसच्या वेळापत्रकात कोणी घातलेली नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आगारातल्या आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या वाहतूक नियंत्रकांसोबत बसलो. त्यांच्या अनुभवापुढे आमचे नकाशे फिके वाटले. कोणत्या फेरीला भारमान आहे, म्हणजे गाडी भरून जाते, कोणती फेरी फक्त शाळेसाठी धावते, कोणत्या वस्तीच्या गाडीमुळे एखाद्या गावाला पहाटेचं दवाखान्यात पोचता येतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ.

मुख्य प्रश्न त्यांच्यासमोर ठेवला: रेल्वेची वेळ आपल्या हातात नाही, समुद्राची तर नाहीच. तिन्हींत हलवता येण्यासारखी एकच गोष्ट आहे, बस. तेव्हा बसनेच दोन्हीकडे जुळवून घ्यायला हवं. सगळ्यांना पटलं, पण एका साहेबांनी लगेच खोट दाखवली. “गाडी लोकलसाठी थांबवली आणि लोकल वीस मिनिटं उशिरा आली, तर पुढच्या थांब्यावरच्या माणसाला मी काय सांगू?” रास्त प्रश्न आहे.

मग फेरीचा हिशेब मांडला. उरण स्थानक ते मोरा, शहरातून, गर्दीच्या वेळी जायला वीसेक मिनिटं धरू. जाऊन येऊन ४०. मोऱ्याला ५ मिनिटं थांबा, स्थानकावर लोकल येण्याआधी ५ आणि आल्यावर लोक उतरून येईपर्यंत ५. झाली ५५ मिनिटं. लोकल तासाला एक असेल तर एकच बस प्रत्येक लोकलला जोडली जाते, आणि हातात ५ मिनिटं उरतात. हीच फेरी ६५ मिनिटांची झाली तर एक बस पुरत नाही. दुसरी लागते, आणि त्या दोघी मिळून तासातला बराच वेळ उभ्या राहतात. साठ मिनिटांच्या अलीकडे किंवा पलीकडे, एवढ्यावरच खर्च ठरतो.

स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर असं तासाच्या ठोक्यावरचं वेळापत्रक लावलं: प्रत्येक तासाला त्याच मिनिटाला गाडी, आणि जोडणीच्या ठिकाणी सगळ्यांनी एकत्र येऊन एकत्र सुटायचं. त्यांचा नियम असा की गाडी जमेल तितकी वेगात न्यायची नाही, जोडणी साधण्यापुरती वेगात न्यायची. उरणसारख्या तासाला एक गाडी असलेल्या ठिकाणी हा नियम फार उपयोगाचा आहे.

लोकल उशिरा आली तर? ठरलं ते असं: दिवसा १० मिनिटांपर्यंत थांबायचं, त्यापुढे सुटायचं. शेवटच्या लोकलची बस मात्र कितीही उशीर झाला तरी थांबेल. रात्री दहानंतर एकटी बाई स्थानकावर उतरते आणि बाहेर काळोख असतो. तिच्यासाठी ती बस उभी असणं, हा या सगळ्या आराखड्यातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा एक ओळीचा नियम आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

करळ फाटा. इथे फार लिहिण्यासारखं नाही. जेएनपीए (जवाहरलाल नेहरू) बंदराने २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापाने) कंटेनर हाताळले, आणि त्यातला मोठा भाग ट्रेलरवरून याच रस्त्यांनी येतो-जातो. सेवा रस्त्यावरसुद्धा ट्रेलर उभे. या रांगेत बसला स्वतंत्र मार्गिका मिळणं आज शक्य दिसत नाही. निर्णय: लांबचा प्रवासी लोकलवर घालायचा, बस आखूड अंतरावर ठेवायची आणि करळ फाट्यातून जाणारी एकही नवी फेरी सुचवायची नाही.

६ मे, मंगळवार

चारफाट्यावर मिनीडोअरवाल्यांसोबत बैठक. सुरुवातीला कोणी बोलायला तयार नव्हतं. बसचा आराखडा म्हणजे आपलं पोट मारणार, अशी त्यांची समजूत, आणि ती चुकीची म्हणवत नाही.

हे लोक कोण आहेत ते आराखड्यात स्पष्ट लिहिणार आहे. बंदर आणि नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, त्या यांच्या आजोबा-वडिलांच्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या घरांतल्या पुढच्या पिढीतली कित्येक माणसं आज सहा आसनी गाडीवर संसार चालवतात. वाहतूक ‘सुटसुटीत’ करायची म्हणून त्यांना बाजूला सारणं मला मान्य नाही.

आणि त्यांचं काम खरोखर उपयोगाचं आहे. चिरनेरच्या आतल्या पाड्यावर, विंधण्याच्या वाटेवर, आवऱ्याला दुपारी तीन वाजता दुसरं काय जातं? अडचण एकच. गाडी भरली की सुटते. भरायला पाच मिनिटं लागतील की पाऊण तास, सांगता येत नाही. चालकाच्या बाजूने ते बरोबर आहे. रिकामी नेली तर डिझेल त्याच्या खिशातून.

कायद्याचीही गाठ आहे. त्यांचा परवाना कंत्राटी वाहतुकीचा. थांब्याथांब्यावर माणूस घेणं-सोडणं ही टप्पा वाहतूक, तिचा परवाना वेगळा. म्हणजे रोज जे चालतं ते कागदावर बसत नाही, आणि म्हणून कोणी त्याचं नियोजनही करत नाही.

एका काकांनी मार्ग सुचवला, आम्ही नाही. म्हणाले, “ताई, दिवसाच्या सगळ्या फेऱ्यांना वेळ बांधू नका. सकाळची पहिली न्‌ रात्रीची शेवटची बांधा. ती आम्ही रिकामी पण नेऊ, पण तिचे पैसे कोण भरंल ते बोला.” तेवढ्याने आमचा अर्धा प्रश्न सुटतो. ज्या गावांना बस परवडत नाही तिथे पहिली आणि शेवटची फेरी मिनीडोअरने ठरल्या वेळी न्यायची आणि रिकाम्या जागांचं भाडं भरून द्यायचं. बाकी दिवसभर त्यांची पद्धत तशीच. एसटीची आख्खी बस त्या वेळी धाववण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. मिनीडोअरमध्ये पूर्ण. त्यामुळे थांब्यावर बायका मिनीडोअर सोडून एसटीची वाट बघत बसतात. बांधलेल्या फेऱ्यांना तरी ही सवलत लागू करावी, असं सुचवणार आहे.

२७ मे, मंगळवार

काल मोसमी पाऊस मुंबईत पोचला, आजवरच्या नोंदींतला सर्वांत लवकर. आज अमावस्या. सकाळच्या ओहोटीला मोऱ्याला उभी राहिले तेव्हा आजोबांचं बोलणं डोळ्यांसमोर होतं: पाणी खूप खाली, कामावर निघालेले लोक छत्र्या धरून धक्क्यावर.

यांच्यासाठी काय करता येईल हे तिथेच सुचलं. अशा दिवशी मोऱ्याहून स्थानकाकडे जाणारी बस ओहोटीच्या वेळेत लाँचीच्या प्रवाशांना घेऊन थेट लोकलवर सोडेल. मुंबईला पोचायला वेळ जास्त लागेल, पण माणूस पोचेल. संध्याकाळी उलट. याला आम्ही ‘उधाण फेरी’ म्हणतोय. ती रोजची नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे तीन-चार दिवसच.

करंजालाही जाऊन आले. रेवसची लाँच खाडी ओलांडते तेवढ्या अंतरासाठी रस्त्याने पेण-वडखळचा मोठा वळसा पडतो. अलिबागला कॉलेजात जाणाऱ्या मुलांचं सगळं गणित रेवसहून सुटणाऱ्या एसटीवर. ती जोडणी पलीकडच्या आगाराशी बोलून ठरवावी लागेल.

१२ जून, गुरुवार

मासळी विकणाऱ्या बायकांशी करंजात बोलले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे त्या घरी भेटल्या. एरवी पहाटे पाटी घेऊन निघतात त्या कोणाशी बोलायच्या मोकळ्या नसतात.

त्यांना काय हवं ते त्यांनी फार नेमकं सांगितलं. लोकलला मालडबा आहे, तिथे पाटी चालते. बसमध्ये पाटी ठेवायला जागा नाही. पाणी गळतं म्हणून वाहक कुरकुरतात, प्रवासी नाकं मुरडतात, आणि मग चार बायका मिळून टेम्पो करतात, जो महाग पडतो. मागणी एवढीच: पहाटेच्या करंजा फेरीत मागची एक आसनरांग काढावी, खाली पत्रा आणि पाणी जायला नाळ असावी. खर्च किरकोळ आहे. आम्ही ही मागणी जशीच्या तशी आराखड्यात घेतली आहे, परिशिष्टात न टाकता करंजा मार्गाच्या पहिल्या कलमात.

११ जुलै, शुक्रवार

काल गुरुपौर्णिमा, आज उधाण. बाहेर पावसाने झोडपलंय, आत वेळापत्रकाचा कच्चा खर्डा.

मोरा मार्गाचं वेळापत्रक एकच, पण त्यावर तिथींचा एक पट्टा छापायचा: चतुर्दशी ते द्वितीया ‘उधाण फेरी’, तिच्या वेळा तारखेवार, बाकी दिवस नेहमीप्रमाणे. तारखा भरती-ओहोटीच्या अधिकृत तक्त्यांवरूनच काढायच्या. तिथी लिहायची ती लोकांच्या सोयीसाठी, कारण धक्क्यावरच्या माणसाला पाण्याच्या मीटरमधल्या उंचीपेक्षा तिथी लवकर कळते. कागद मोठ्या अक्षरात, धक्क्यावर, स्थानकावर आणि मोरा-करंजाच्या देवळांपाशी.

भाड्याचा मुद्दा राहतोच. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, त्यामुळे स्थानक ते बाजार एवढ्याशा अंतरालाही पूर्ण टप्प्याचे पैसे. त्यात २५ जानेवारीपासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलंय. लोकलचा पासधारक वर पुन्हा टप्प्याचं भाडं देणार नाही, तो चालत जाईल किंवा दुचाकी आणेल. पास दाखवणाऱ्याला जोडफेरीत सवलत मिळाली पाहिजे, नाहीतर वेळ जुळूनही बस रिकामी धावेल.

१९ ऑगस्ट, मंगळवार

केगावात ग्रामस्थांसमोर मांडणी. आजही पावसाची झड होती, तरी सभागृह भरलं होतं. पहिलाच प्रश्न: मोऱ्याची बस गावातून का नाही?

गावात वळवली तर ९ मिनिटं वाढतात. ५५ ची ६४ होते, साठाची रेघ ओलांडली जाते, आणि मोरा व केगाव दोघांचीही लोकल चुकते. फळ्यावर घड्याळ काढून दाखवलं. एक आजी म्हणाल्या, “म्हंजे आमी चालत जायाचं?” त्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाऊण किलोमीटर म्हणजे बस नसल्यातच जमा. ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, पण थांब्यापर्यंत पोचता आलं तर.

बराच वेळ वाद झाला आणि तो चांगला झाला. शेवटी असं ठरलं: मोरा बस सरळ जाईल, केगाव-नागावसाठी बांधलेली मिनीडोअर फेरी, तिची वेळ त्याच लोकलला जुळवून, दुपारच्या दोन फेऱ्यांसह. दुपारच्या फेऱ्या मुद्दाम आजींसाठी, कारण दवाखाना आणि बँक दुपारीच लागतात. यामुळे रिकाम्या जागांच्या भरपाईची तरतूद वाढेल. ती वाढवून लिहिली आहे, कमी करून दाखवणार नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

विसर्जनानंतर सगळे परत कामावर. मसुदा आज संबंधित कार्यालयांकडे दिला. त्यातल्या चार मागण्यांना नवा पैसा जवळजवळ लागत नाही: शेवटच्या लोकलची थांबणारी बस, लोकलला बांधलेली मोरा फेरी, तिथीचा पट्टा असलेलं वेळापत्रक आणि करंजाच्या पहाटेच्या बसमधली मासळीची जागा. त्या एकत्र आधी सुरू करता येतील. मिनीडोअरच्या भरपाईला ठराव आणि परवान्याची वाट काढावी लागेल, त्याला वेळ जाईल.

राहिलेलं: रेवसच्या एसटीची वेळ पलीकडच्या आगाराशी बोलणं. ऑक्टोबर ते मार्चच्या ओहोटीच्या तारखा काढून उधाण फेरीचा तक्ता भरणं, यावेळी संध्याकाळच्या वेळा आधी तपासायच्या, कारण थंडीत लोक परतताना अडकतात. स्थानकाबाहेर बस उभी राहील त्या जागी सध्या रिक्षा लागतात. रिक्षावाल्यांशी गुरुवारी बैठक.